आधी येईल त्याची भाषा

मंगळवारी सकाळी येळ्ळूरहून फोन:
"रक्तपेढीचं पान कानडीत कसं काय झालंय?
वरून आदेश आलाय काय?"
दुपारी हुक्केरीहून दुसरा, तेवढाच तापलेला,
फक्त उलटा: "मराठी याक?"
मी दोघांनाही म्हटलं, बघते.
दोघांनाही ते पटलं नाही.

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर आमची खोली.
सर्व्हर म्हणजे टेबलाखालचा काळा डबा,
त्याच्या ऊबेवर गुरुसिद्धचा रुमाल वाळत असतो.
माझ्या फोनवर पान मराठी, त्याच्या फोनवर कानडी,
म्हणजे सगळं बरोबर.
तासाभरानं बघते तर माझ्याही फोनवर कानडी.
कोड वाचला. भाषा निवडणारी ओळ जागेवर होती.
भाषांतरं जागेवर होती.
ओ निगेटिव्हच्या पिशव्या दोन,
त्या दोन्ही भाषांत दोनच होत्या.

खजिनदार सडेकर जिना चढून आले.
म्हटलं, कॅश बिघडलीय, सगळी रिकामी करते.
त्यांचा चेहरा पांढरा पडला.
ती कॅश नव्हे काका, साठवण.
एकदा रांधलेलं पान पुन्हा पुन्हा वाढायचं,
दर वेळी चूल पेटवायला नको म्हणून.
"मग शिळं वाढता म्हणा की,"
म्हणाले, आणि कठडा धरत उतरले.

रिकामी केली. थोडा वेळ ठीक.
मग पुन्हा तेच.
पुन्हा रिकामी केली.

शेवटी पहाटेचा लॉग उघडून
गुरुसिद्ध ओळीवर बोट ठेवून वाचायला लागला,
शाळेत हजेरी घ्यावी तसा:
चार बावन्न, नंदगड, मागितलं मराठी. रांधलं, साठवलं.
चार त्रेपन्न, गोकाक, मागितलं कानडी. साठवणीतलं दिलं, मराठी.
पाच बावन्न, मुदत संपली.
पाच चोपन्न, बैलहोंगल, मागितलं कानडी. रांधलं, साठवलं.
पाच पंचावन्न, निपाणी.
पुढचं त्यानं वाचलं नाही. हसला.

आदेश कुणाचाच नव्हता.
मुदत संपल्यावर जो पहिला दार ठोठावेल
त्याची भाषा तासभर सगळ्यांची.
साठवणीच्या किल्लीत पानाचं नाव होतं,
मागणाऱ्याच्या तोंडात काय आहे
ते विचारायचं राहून गेलं होतं.

शहापुरात आईचं कटपीसचं दुकान.
आधीची बाई पायरी उतरेपर्यंत
तिचीच भाषा आईच्या जिभेवर असते.
"एष्टु बेकु?" विचारते पुढच्या सुळगेच्या मावशीला,
मग स्वतःच हसून, "किती मीटर गं?"
त्यावरून कुणी कधी फोन केल्याचं ऐकलं नाही.

दुरुस्ती एका ओळीची.
हेडरात एक शब्द, व्हेरी,
आणि कशावरून वेगळं करायचं तेवढं पुढं.
गुरुसिद्धनं दोन फोन शेजारी धरून
वीस वेळा पान ताजं केलं.
मराठी मराठी राहिली, कानडी कानडी.
"आता एकाच पानाच्या दोन प्रती," तो म्हणाला,
"मेमरी दुप्पट खाईल, खरं चालतंय."
रुमाल झटकला, घडी घातली, गेला.

येळ्ळूरला फोन लावला. झालं म्हटलं, तुमची मराठी आली.
पलीकडं जरा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
"बरं झालं. खरं ताई,
त्या कानडी पानावर खाली एक नंबर होता,
रात्री अकरानंतरचा. पोरानं वाचून दाखवला.
परवा रात्री त्याच्यावरच लागला.
आता शोधतोय तर आमच्यात नाहीच तो."

बघितलं. नव्हता.
दोन वर्षांपूर्वी भाषांतर करताना
शेवटची ओळ मीच गाळली होती.

नंबर टाकला.
मराठीची साठवण रिकामी केली,
आणि लॉग उघडा ठेवून बसले,
आधी कोण येतंय बघत.